सत्तावीस सेंट

२०२४ चा ऑक्टोबर. कॅलिफोर्नियातल्या आमच्या सांता रोझात द्राक्षांची तोडणी संपत आली की हवेत एक आंबूस-गोड वास भरून राहतो. वायनरीत रस आंबायला घातलेला असतो, त्याचा. दुकानांच्या पार्किंगमध्येसुद्धा तो येतो. त्या संध्याकाळी मी घरसामानाच्या दुकानात रांगेत उभी होते आणि माझ्यापुढे एक बाई होती. पन्नाशीची असेल. नखांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर जांभळा रंग मुरलेला. हा रंग साबणानं निघत नाही, हंगाम संपल्यावर नखं वाढतील तसा हळूहळू जातो. पट्ट्यावर तिनं सामान ओळीनं मांडलं होतं. कपड्यांच्या साबणाचा मोठा कॅन, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपरचा गठ्ठा, दोन बल्ब, लहान मुलाचे मोजे आणि सगळ्यात शेवटी भांडी घासायच्या घासण्यांचं पाकीट. हातात वीस-वीसच्या तीन नोटा, एकात एक घडी घातलेल्या. हिशेब घरून करून आली होती हे त्या नोटांकडे बघूनच कळत होतं. कॅशियर मुलीनं आकडा सांगितला, साठ डॉलर चौदा सेंट. बाईनं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला, एप्रनचे दोन्ही खिसे चाचपले. मी घाईघाईनं पर्स उघडली, तर आत कार्डं. सुटं नाणं एक नाही. "मी देते," असं म्हणेपर्यंत तिनं मान हलवली, घासण्यांचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं आणि मुलीला खुणेनंच सांगितलं, हे काढून टाक. मुलीनं काढलं. सुटे परत दिले. बाई गेली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

घरी आले, कुकर लावला, आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या हिशेब करत राहिले. पडद्यावर करापूर्वीचा आकडा मी पाहिला होता, चोपन्न ऐंशी. आमच्या सोनोमा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्याच महिन्याच्या एक तारखेपासून सेल्स टॅक्स अर्ध्या टक्क्यानं वाढला होता. चोपन्न डॉलर ऐंशी सेंटवर अर्धा टक्का म्हणजे सत्तावीस सेंट. ते नसते, तर तिचं बिल साठच्या आत बसलं असतं आणि वर तेरा सेंट हातात आले असते. हा अर्धा टक्का काउंटीतल्या अग्निशमन दलांसाठी आहे. माणसं भरायची, बंब घ्यायचे, डोंगरावरचं वाळलेलं झाडझाडोरं उन्हाळ्याआधी साफ करायचं, यासाठी. मेझर एच नावाचा प्रस्ताव म्हणून तो मार्चमध्ये मतपत्रिकेवर आला होता. साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं.

त्यांत मी होते.

माझे बाबा पुणे महापालिकेत जकात कारकून होते. सोलापूर रस्त्यावरच्या नाक्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. रात्रपाळी करून आले की त्यांच्या शर्टाला डिझेलचा आणि कांद्याच्या पोत्यांचा वास असायचा, आणि उजव्या हाताच्या करंगळीची बाजू कार्बन पेपरनं निळी झालेली. ती निळी कड मला त्या बाईच्या जांभळ्या पेरांवरून आठवली असणार. लहानपणी मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही रोज इतक्या ट्रकवाल्यांकडून पैसे घेता, त्यांना राग नाही येत? बाबा चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "ट्रकवाला कशाला रागावेल? तो पावती मालकाला देतो, मालक ती मालावर चढवतो. जकात भरते तुझी आई. मंडईत." आई तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. तिनं वर बघितलंही नाही.

बाबांचं दुसरं वेड म्हणजे घरपट्टीचं बिल. ते आलं की चष्मा पुसून, एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. सर्वसाधारण कर. सफाई कर. अग्निशामक कर. वृक्षसंवर्धन कर. मलप्रवाह लाभ कर. शिक्षण कर. आम्हा भावंडांना ती यादी जवळजवळ पाठ होती. अग्निशामक कराची रक्कम अगदीच किरकोळ असायची, पण ती ओळ घराच्या बिलात होती. याचं मला तेव्हा काही वाटण्याचं कारणच नव्हतं. आग घराला लागते, म्हणून आगीचे पैसे घरावर, इतकं ते साधं होतं. तसाच पगाराच्या चिठ्ठीतला व्यवसाय कर. बहात्तरच्या दुष्काळानंतर, १९७५ साली, रोजगार हमीसाठी म्हणून तो सुरू झाला. वि. स. पागे यांनी उभी केलेली ती योजना. शहरातल्या नोकरदारांकडून जितका कर जमेल तितकीच भर सरकारनं घालायची आणि खेड्यात हाताला काम द्यायचं. बाबांचा पगार तो काय, पण ती कपात ते अभिमानानं दाखवायचे. कुठेतरी कुणीतरी खडी फोडतंय, पाझर तलावाची माती वाहतंय, त्याच्या मजुरीत आपले चार पैसे आहेत, असं म्हणायचे. नाव असलेला कर मनाला बरा वाटतो हे मी त्यांच्याकडूनच शिकले. कुठे गेले ते कळतं, निदान कळल्यासारखं वाटतं.

इथे येऊन मला सतरा वर्षं होतील. आमचं घर आम्ही २०१२ मध्ये घेतलं, घरांचे भाव पडलेले असताना. शहराच्या उत्तर भागात, हायवे एकशे एकच्या थोडं पूर्वेला. त्यामुळे २०१७ च्या ऑक्टोबरातली ती रविवारची रात्र आम्ही खिडकीतून पाहिली. रात्री एक-दीडला मला वासानं जाग आली. होळीच्या दुसऱ्या दिवशी असतो तसा, पण ओला नाही, कोरडा आणि त्यात प्लास्टिक जळल्याची धार. वारा असा होता की शेजारच्या आवारातलं मुलांचं प्लास्टिकचं घर रस्त्यातून घरंगळत गेलं. वीज गेली होती. नवऱ्यानं गॅरेजचं बटण दाबलं, दार हलेना. मग अंधारात मोबाईलच्या उजेडात वरची लाल दोरी शोधून, ती ओढून, आम्ही दोघांनी मिळून ते दार हातानं वर उचललं. माझ्या तळहाताला त्याची कड कापली होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री अशी दारं न उघडल्यामुळे कितीतरी माणसं अडकली, आणि पुढे कॅलिफोर्नियानं कायदाच केला की गॅरेजच्या नव्या यंत्राला बॅटरी हवी. मी घराच्या कागदपत्रांची फाईल घेतली. मुलीची बालवाडीपासूनची चित्रं भिंतीवर तशीच राहिली. इतक्या वर्षांनंतरही माझा हात आधी फाईलकडे गेला हे मला आठवत राहतं.

टब्स फायर म्हणतात त्या आगीला. नऊच्या पुढे कॅलिस्टोगाजवळ लागली आणि काही तासांत डोंगर उतरून शहरात आली. सहा पदरी हायवे ओलांडून पलीकडच्या कॉफी पार्क वस्तीत घुसली. बावीस माणसं गेली, साडेपाच हजारांवर इमारती गेल्या. आम्ही दक्षिणेला एका मित्राकडे होतो. आठवडाभरानं परत आलो तेव्हा आमचं घर जसंच्या तसं उभं होतं, भिंतीवर चित्रं होती. अंगणात राखेचा थर आणि त्यात एका पुस्तकाचं पान. कडा काळ्या, मधला मजकूर स्वच्छ वाचता येत होता. कुणाच्या तरी घरातून वाऱ्यावर उडत आलेलं. मी ते उचललं आणि बोटांत धरताच त्याचा चुरा झाला.

आमच्या गल्लीत अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन राहतात. सत्तरी ओलांडलीय, गुडघा अधू आहे, तरी त्या रात्री ते दारोदार फिरून लोकांना उठवत होते. आम्हाला त्यांनीच हाक मारली. नंतर त्यांच्या ओसरीत बसून मी त्यांच्याकडून बरंच ऐकलं, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. १९९३ च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅलिफोर्नियात मोठ्या आगी लागल्या. लगुना बीचमध्ये एका दिवसात साडेतीनशेहून जास्त घरं गेली. राज्यभरातून बंब मागवले होते, त्यात आमच्याकडूनही गेले, आणि एका बंबावर हे होते. बरोबर त्याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला, राज्यात मतदान होतं. प्रपोझिशन १७२. पोलीस, अग्निशमन, तुरुंग, सरकारी वकील अशा सगळ्या स्थानिक सुरक्षेसाठी अर्धा टक्का सेल्स टॅक्स कायमचा ठेवायचा का? मतदानाच्याच दिवशी मॅलिबूच्या बाजूला आणखी एक आग पेटली. टीव्हीवर जळती घरं दिसत होती आणि लोक मत द्यायला चालले होते. प्रस्ताव सहज पास झाला. "आमच्या चेहऱ्यांवर पास झाला," असं ते म्हणाले. "पण पैसे बहुतेक काउंट्यांकडे गेले, आणि बऱ्याच काउंट्यांत त्यातले शेरीफला, तुरुंगाला. बंबाच्या वाट्याला फार थोडे." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ते गुडघ्याला तेल चोळत होते.

तो अर्धा टक्का अजून चालू आहे. कॅलिफोर्नियात कुठेही साबणाची वडी घेतली तरी त्यात तो असतो, राज्याच्या मूळ सव्वासात टक्क्यांतच बसवलेला. तो का आणावा लागला, ते कॅप्टननी सांगितलं नाही, मी नंतर वाचलं. राज्याची तिजोरी आटली होती, म्हणून शहरं आणि काउंट्या यांना मिळणाऱ्या घरपट्टीतला वाटा राज्यानं शाळांकडे वळवला आणि त्याची भरपाई म्हणून हा सेल्स टॅक्स पुढे केला. म्हणजे घरावरची ओळ खोडली आणि काउंटरवर एक ओळ वाढवली. आणि त्याच्याही आधी १९७८ चं प्रपोझिशन १३. त्यानं घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली आणि ती किंमत, घर विकलं जाईपर्यंत, वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरवलं. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना वाढत्या घरपट्टीपायी घर सोडावं लागू नये, ही त्यामागची भावना खरी होती, मला ती समजते. पण आमच्या घराची बाजारातली किंमत आम्ही घेतल्यापासून दुपटीच्या वर गेलीय आणि आमची घरपट्टी वर्षाला दोन टक्क्यांच्या चालीनं चालतेय. बंब येणार तो हेच घर वाचवायला.

२०२० च्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्वाची शपथ आदल्या वर्षी झाली होती. मतपत्रिका टपालानं घरी आली, मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, निळं पेन घेतलं, मुलीला शेजारी बसवलं, जणू काही सणच. त्यात मेझर जी होतं. हाच अर्धा टक्का, हीच अग्निशमन दलं. २०१७ ची आग डोळ्यांसमोर होती, आणि चार महिन्यांपूर्वीच किनकेड फायर झाली होती. पावणेदोन-दोन लाख माणसांना घरं सोडायला लावली होती, त्यात आम्ही दुसऱ्यांदा. शेजारच्या विंडसर गावात जवानांनी एकेका गल्लीत उभं राहून आग अडवली, गाव वाचलं. कुणीही 'हो' म्हणावं अशी वेळ होती.

मी 'नाही'चा गोळा भरला.

का, ते मला तेव्हा स्वच्छ माहीत होतं. सांता रोझा शहरात २००५ पासून पाव टक्का सेल्स टॅक्स पोलीस आणि आगीसाठी आधीच होता. चाळीस टक्के पोलिसांना, चाळीस अग्निशमनाला आणि उरलेले वीस मुलांना टोळ्यांपासून दूर ठेवायच्या कामांना. त्यावर राज्याचा तो ९३ सालचा. आता हा तिसरा. बाबांची लेक म्हणून माझ्या मनात आलं, एकाच कामासाठी तीन-तीन पावत्या? मूळ घरपट्टी कुठे जाते ते आधी सांगा. शिवाय पोलिसांबद्दल माझ्या मनात एक गाठ होती, ती त्या मतात मिसळली. २०१३ मध्ये शहराच्या नैर्ऋत्य बाजूला, मूरलँड अ‍ॅव्हेन्यूवर, शेरीफच्या माणसानं एका तेरा वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. खटला भरला गेला नाही. आता तिथे त्या मुलाच्या नावाची बाग आहे. आम्ही एकदा गेलो होतो, झोपाळ्यावर मुलं होती आणि माझ्या मुलीचं वय तेव्हा तेवढंच होत आलं होतं. मेझर जीमध्ये पोलिसांसाठी काही नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी 'सुरक्षा' हा शब्द आला की ती बाग आठवते. आणि अशा करांमध्ये हे दोघं कायम एकाच पिशवीत असतात. बंबाचं लाल चित्र पुढे, आणि मागे आणखी बरंच काही.

अशा खास कामाच्या करांना दोन-तृतीयांश मतं लागत. मेझर जीला पासष्टच्या आसपास टक्के मिळाली. दीड-दोन टक्के कमी पडले आणि ते हरलं. मी एकटीनं काही पाडलं नाही, हे मला कळतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्लास फायर लागली आणि शहराच्या पूर्वेकडच्या ओकमॉंटपर्यंत आली. तिथे बहुतेक वयस्कर माणसं राहतात. रात्री त्यांना शहराच्या बसगाड्यांतून बाहेर काढलं. टीव्हीवर दिसत होतं. गाऊनवर स्वेटर चढवलेल्या आज्या, हातात वॉकर, मागे नारिंगी आकाश. आमच्या कॅप्टनची मोठी बहीण त्यांत होती. ती सुखरूप निघाली. दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "पोरं छत्तीस छत्तीस तास झोपली नाहीत. बदलीला माणसंच नाहीत." मी मान हलवली. मतपत्रिकेचं काही बोलले नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं, पण मला वाटत राहिलं की यांना माझ्या तोंडावर दिसतंय.

गावाकडच्या छोट्या दलांची अवस्था तर मी स्वतः पाहिलीय. समुद्राच्या बाजूला, रेडवूडच्या जंगलात, कितीतरी ठिकाणी अजून स्वयंसेवकच बंबावर जातात. कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी दूधवाला. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. वर्षातून एकदा त्यांचा पॅनकेकचा नाश्ता असतो, गावजेवणासारखा. आम्ही एका वर्षी गेलो होतो. लांब टेबलं, काळ्या कॉफीचे थर्मास, जाड हातमोजे घालून तव्यावर पॅनकेक उलटणारे जवान, आणि दारात देणगीसाठी एक रिकामं बूट ठेवलेलं, खरंखुरं, आगीत जायचं रबरी बूट. माझ्या मुलीनं त्यात पाच डॉलर टाकले आणि आत डोकावून म्हणाली, "आई, याच्या तळाला राख आहे." मला तेव्हा रडू आलं. जो माणूस आपलं घर वाचवणार त्याला पाईपसाठी पॅनकेक विकावे लागतात, हे कुठल्याही श्रीमंत देशाला शोभत नाही. सोनोमात तर द्राक्षाच्या एकेका बागेची किंमत ऐकून डोळे फिरतात.

म्हणून २०२४ मध्ये मी 'हो' म्हटलं. या वेळी अग्निशमन दलातल्या माणसांनी स्वतः पुढाकार घेऊन, नागरिकांच्या सह्या गोळा करून प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला होता. २०१७ च्या एका निकालापासून, सह्यांच्या वाटेनं आलेल्या अशा कराला साधं बहुमत पुरतं, असं इथली न्यायालयं मानत आली आहेत. त्यामुळे पास होणार हे दिसत होतं. वर्षाला सहा कोटी डॉलरच्या आसपास जमतील असा अंदाज होता. मुदत नाही, मतदार स्वतः बंद करेपर्यंत चालणार. पाकीट चिकटवून मी ते मतपेटीत टाकून आले, आणि येताना कॅप्टनच्या ओसरीवर थांबून त्यांना सांगितलं. चार वर्षांपूर्वीचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीसुद्धा ९३ साली 'हो' म्हटलं होतं. आगीवरून परतल्यावर कळलं पास झालं ते. आनंद झाला होता." आणि मग त्यांनी मला त्यांच्या झाडाची लिंबं दिली, पिशवीभर.

सात महिन्यांनी त्या दुकानात, त्या रांगेत, माझ्या 'हो'चा हिशेब पडद्यावर आला.

मला माहीत आहे, एका पाकिटावरून मी फार लांब चाललेय असं कुणी म्हणेल. आमच्या घरात हे बोलणं झालंही. नवरा म्हणाला, "सत्तावीस सेंट. तिचं घर जळालं असतं तर?" बरोबर आहे. २०१७ ला द्राक्षबागांतल्या मजुरांची घरंही गेली, आणि ज्यांची गेली नाहीत त्यांना पुढे भाडं परवडेना. आग कुणाला विचारून येत नाही. आणि इथे कणीक, डाळ, दूध, भाजी यांवर सेल्स टॅक्स नाही, २०२० पासून डायपरवरही नाही, तेव्हा गरिबाचा विचार अजिबात केलेला नाही असंही नाही. मी हे सगळं मान्य करते. पण मी माझ्या महिन्याचा हिशेब मांडला. आमच्या कमाईतला किती भाग साबण, बल्ब, मोजे, कागद यांवर जातो? नगण्य. आमचा पैसा घराच्या हप्त्यात जातो, गुंतवणुकीत जातो, भारताच्या विमानाच्या तिकिटात जातो. त्यांवर हा अर्धा टक्का लागत नाही. तिच्या तीन नोटा मात्र सगळ्याच्या सगळ्या त्या पट्ट्यावर होत्या. घर माझं आहे. तिचं बहुधा भाड्याचं असेल, मला ठाऊक नाही. पण बंबाच्या डिझेलसाठी तिनं घासण्या परत ठेवल्या आणि मी कार्ड टेकवून, आकडा न बघता बाहेर पडले असते, जर ती माझ्यापुढे नसती तर.

आणि तरीही, उद्या तोच प्रस्ताव पुन्हा आला तर मी काय करीन? 'हो'च म्हणीन, असं वाटतं. बदलीला माणसं नाहीत हे वाक्य मी विसरू शकत नाही. पण दुसरा प्रस्ताव, घरावरचा, कुणी का आणत नाही? आणला तर तो पडेल हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून. घरवाले मत देतात. माझ्यासारखे. द्राक्षं तोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना इथे मतच नाही. ज्यांना मत आहे त्यांनी ज्यांना नाही त्यांच्या नोटांवर हा भार टाकला, आणि टाकताना आम्हाला खरोखर चांगलं काही केल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं होतं. लिंबांची पिशवी घेऊन घरी येताना तर फारच.

त्याच आठवड्यात आमचं घरपट्टीचं बिल आलं. ऑक्टोबरात येतं, पहिला हप्ता दहा डिसेंबरच्या आत भरायचा. मी बाबांसारखी चष्मा पुसून बसले. मूळ एक टक्का. मग शाळांच्या कर्जरोख्यांच्या ओळी. मग वेगळे आकार, त्यात एक ओळ डासांची. खरंच, डास निर्मूलनासाठी इथे घरावर वेगळी ओळ आहे, काही डॉलरची. मी दोनदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. डासांसाठी ओळ होती. आगीसाठी नव्हती.

शनिवारी रात्री, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी, मी पुण्याला फोन लावते. बाबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. कानाला यंत्र आहे, पण पैशाचं बोलणं त्यांना अजून पहिल्या झटक्यात ऐकू येतं. मी त्यांना सगळं सांगितलं, बाई, नोटा, घासण्या, चौदा सेंट. जकात बंद होऊनही आता एक तप होत आलं, पण नाक्यावरचा कारकून जागा झाला. किती दर, कशावर लागतो, कशावर नाही, गोळा कोण करतं, भरणा कुठे होतो, एकेक विचारत गेले. मी सांगत गेले. मग म्हणाले, "तुझं त्या दिवशीचं बिल आहे का जवळ?"

होतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं.

"वाच."

मी वाचलं. झाडू, हात धुण्याचा साबण, मेणबत्त्या, रद्दीच्या पिशव्या. एकूण. टॅक्स. मग पुन्हा एकूण.

"टॅक्सच्या किती ओळी?"

"एकच, बाबा."

"आगीची वेगळी नाही?"

"नाही. सगळं एकात."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, बोहारणीची हाक ऐकू आली. मला वाटलं फोन कट झाला. मग ते म्हणाले, "आमच्याकडे पावती फाडताना नाव विचारायला लागायचं. मालाचं, गाडीचं, मालकाचं. तुझ्या त्या बाईची पावती कुणाच्या नावानं फाडली?"

मी बिल उलटसुलट करून पाहिलं. वर दुकानाचं नाव, खाली तारीख, वेळ, काउंटरचा नंबर, माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. तिनं तर रोख दिले होते.

"थांब, आईला देतो," बाबा म्हणाले, आणि आईनं फोन घेऊन आधी विचारलं, जेवलीस का.